फवारलेला धातू आणि भट्टीची आच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूर-अंबड भागातील कारखान्यांत गंज रोखण्यासाठी धातूचा फवारा सर्रास मारला जातो. मात्र फवारा मारला की काम संपले, ही समजूत महागात पडते. वितळलेले थेंब पृष्ठभागावर आपटून चपटे होतात व एकावर एक बसतात, तेव्हा त्यांच्यामध्ये बारीक छिद्रे राहतातच. जस्त किंवा ॲल्युमिनियम पोलादाआधी स्वतः झिजत असल्याने तेथे ती फारशी बाधत नाहीत. परंतु निकेल-क्रोमियमच्या थराखाली शिरलेले पाणी पोलादच खाऊ लागते, आणि वरून थर चकचकीतच दिसतो.

गेल्या वर्षी आमच्या पंपाचा शाफ्ट असाच फवारून आला. पावसाळा सरल्यावर कडेला नख लावले, तर थराचा पापुद्रा सुटून हातात आला आणि खाली तांबूस पूड होती. (बिलात मात्र ‘पूर्ण प्रक्रिया’ असे लिहिले होते.)

बोरॉन व सिलिकॉन असलेले निकेल-क्रोमियम मिश्रधातू फवाऱ्यानंतर साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर थर अर्धवट वितळून छिद्रे बुजतात व तो पोलादाशी एकजीव होतो. जस्त ४१९ अंशांच्या आसपासच वितळत असल्याने त्याला ही आच चालत नाही. तेथे छिद्रे बुजवायची तर सीलरच (छिद्रांत मुरणारा पातळ लेप) लावावा लागतो. काम देणाऱ्यांनी ऑर्डरमध्येच मिश्रधातूचे नाव, थराची जाडी आणि भट्टीचे तापमान लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक