विषाणूला कॉन्फरन्स कळते काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शनिवारच्या अंकात क्रीडा पानावर ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या ‘आदर्श निर्णया’वरचा लेख वाचला: महामारीमुळे आपल्या कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी उरलेले सामने रद्द (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट). एक दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी विरोधी गोटातला नाही. ड्यूकच्या गावापासून, डरमपासून, अर्ध्या तासावर राहतो आणि एकोणीस वर्षं ड्यूकचा आहे. सामन्याच्या दिवशी गडद निळा टी-शर्ट घातल्याशिवाय टीव्हीसमोर बसत नाही, यावरून घरात पुरेशी चेष्टा होते. पण तुमच्या लेखकाने ड्यूकचे प्रशिक्षक कोच के यांना जे संतपद बहाल केलं आहे, ते वाचून मलाही संकोच वाटला. महामारीत खेळाडूंचं आरोग्य आधी, नाताळात पोरांना आईबापाकडे जाऊ दे, सामने काय पुन्हा होतील. हे सगळं मान्य. त्याग केला म्हणता तर नक्की काय सोडलं तेही लिहा की!

सोडलं ते इतकंच. 12 डिसेंबरचा चार्ल्सटन सदर्न आणि 19 तारखेचा गार्डनर-वेब. दोन्ही सामने घरच्या मैदानावर, दोन्ही संघ लिंबू-टिंबू समजले जाणारे. 16 तारखेचा नोटर डेमशी सामना मात्र कायम, कारण तो एसीसीचा, म्हणजे आमच्याच कॉन्फरन्सचा. म्हणजे बॉइलिंग स्प्रिंग्जहून याच राज्यातून बसने येणारी गार्डनर-वेबची पोरं धोक्याची, आणि आमची पोरं विमानाने इंडियानाला जाऊन खेळणार ती सुरक्षित. विषाणूला कॉन्फरन्स कळते काय हो?

आणि हे सुचलं कधी? 1 तारखेला मिशिगन स्टेटने घरात येऊन 75-69 हरवलं. 8 तारखेला इलिनॉयने 83-68 असं धुतलं. त्याच रात्री साहेबांना प्रश्न पडला की या काळात खेळावं तरी का, आणि 10 तारखेला उरलेले नॉन-कॉन्फरन्स सामने रद्द. अलाबामाचे प्रशिक्षक नेट ओट्स नेमकं हेच बोलून गेले, ते दोन सामने जिंकले असते तर हेच म्हणाला असतात का? नंतर त्यांनी माफी मागितली. माफी मागितल्याने प्रश्न काही मिटत नाही.

आमचे शेजारी कॅरोलायनाच्या, म्हणजे आमच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या, फिक्या निळ्याचे भक्त आहेत. हल्ली आम्ही संध्याकाळी ड्राइव्हवेत दोन खुर्च्या टाकून बसतो, मधे कचऱ्याचा उंच डबा, म्हणजे सहा फुटांचा हिशेब चुकत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी ड्यूकच्या बाजूने भांडलो. म्हटलं, 12 मार्चला सगळे खेळ आधी आम्ही थांबवले, कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएने राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली ती त्यानंतर. 1939 पासून न चुकलेली स्पर्धा! त्यांनी शांतपणे विचारलं, “तेव्हा तुम्ही हरत होतात का?” मग त्यांचं ॲशव्हिल पुराण सुरू झालं. हवाईतल्या माऊईची स्पर्धा यंदा आमच्याच राज्यातल्या डोंगरात, ॲशव्हिलला भरवली, कॅरोलायना तिथे गेली, अंतिम सामन्यात टेक्सासकडून दोन गुणांनी हरली, आणि तरी कोणाच्या पोटात दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची बाहेर काढली नाही.

खरं कारण ड्यूक नाहीच, संपादक महोदय. खरं कारण 1987 सालचं आहे.

मी तेव्हा विट्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजला सिमेंटचं एक कोर्ट, त्याची एक रिंग वाकलेली. त्या रिंगवर डाव्या बाजूने मारला तरच बॉल पडायचा, त्यामुळे आम्ही सगळे डावीकडचे नेमबाज. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजने (नाव लिहीत नाही, तिथले दोघे तुमच्याकडेच असतील) मैत्रीपूर्ण सामन्याला बोलावलं. जायचं भाडं आमच्या जिमखान्याचं, परतीचं आणि जेवणाचं त्यांचं, असं पत्राने ठरलं. आम्ही पांढऱ्या बनियनवर निळ्या ऑइलपेंटने नंबर काढले. माझा 7 वाळला नव्हता, तो एसटीत शेजारच्या बाईंच्या पातळाला लागला आणि त्यांनी कराडपर्यंत माझा उद्धार केला.

पहाटे स्वारगेटला उतरलो. दहा वाजता कॉलेजच्या फाटकावर शिपाई म्हणाला, सामना रद्द झालाय, पत्र धाडलंय की. पोरं अभ्यासाला लागली आहेत, परीक्षा जवळ आली. फिजिकलचे सर म्हणजे आमचे सर, गरीब माणूस, ‘बरं बरं’ म्हणाले. हडपसरला त्यांची बहीण होती. त्या माउलीने अकरा जणांना पिठलं-भात घातला आणि सरांच्या मेव्हण्यांनी परतीच्या भाड्याचे पैसे उसने दिले. दुपारी लक्षात आलं की बॉलची पिशवी फाटकाशीच राहिली. मी आणि आणखी एक जण घ्यायला गेलो, तर आत कोर्टावर तीच अभ्यासू मंडळी मुंबईच्या एका संघाशी खेळत होती. प्रेक्षक होते, लाउडस्पीकर होता. आदल्या आठवड्यात ते दोन सामने हरले होते हे आम्हाला नंतर कळलं. तिसरा विट्याकडून हरलो तर काय, एवढाच त्यांचा अभ्यास.

ते रद्दचं पत्र आम्हाला मिळालं आम्ही परतल्यावर तीन दिवसांनी. सरांनी मेव्हण्यांचे पैसे स्वतःच्या पगारातून फेडले. जिमखान्याने ‘सामना झालाच नाही’ म्हणून बिल नामंजूर केलं होतं.

तेव्हा चार्ल्सटन सदर्नची पोरं गुरुवारी बातमी ऐकून काय म्हणाली असतील, हे मला कोणी समजावून सांगायला नको. या लहान कॉलेजांना मोठ्यांच्या घरी जाऊन हरायची बिदागी मिळते, त्यावर त्यांचा बराचसा क्रीडा विभाग चालतो. ती बिदागी दिली की बुडवली, हे विचारणं तुमच्या लेखकाचं काम होतं. त्यांनी त्याऐवजी नाताळच्या झाडाचं वर्णन केलं. गार्डनर-वेबची तर कमालच. 25 नोव्हेंबरला मोसमाचा पहिला सामना त्यांच्याशीच होता, त्यांच्याकडे कोरोना निघाला म्हणून पुढे गेला, 19 डिसेंबरला ठेवला, आणि आता तोही गेला. आपल्याकडे याला दोनदा साखरपुडा मोडणं म्हणतात.

आणि लिंबू-टिंबू कोणाला म्हणायचं? गेल्या वर्षी 26 नोव्हेंबरला मी कॅमेरॉनमध्ये, ड्यूकच्या घरच्या स्टेडियममध्ये होतो, ऑफिसातल्या एकाने जादाचं तिकीट दिलं म्हणून. पाहुणा संघ टेक्सासातलं स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठ. आजूबाजूची मुलं अंगाला निळा रंग फासून त्यांची टिंगल करत होती. जादा वेळेत बरोबरी असताना आमच्या हातून बॉल सुटला आणि नेथन बेन नावाचा बहामाचा मुलगा तो घेऊन सगळं कोर्ट एकटा पळाला. घंटा आणि बास्केट एकदमच. 85-83. नॉन-कॉन्फरन्स पाहुण्यांविरुद्ध घरचे सलग 150 विजय तिथे संपले. मी हरलेल्या बाजूचा, तरी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून असं पाहिलं की मी पुन्हा बसलो. तो सामना कोणी ‘मानसिक आरोग्यासाठी’ रद्द केला असता तर?

खेळूच नका म्हणाल तर तेही मला पटेल. हार्वर्ड-येलच्या कॉन्फरन्सने, आयव्ही लीगने, सरळ मोसमच बंद ठेवला, त्याला मी त्याग म्हणेन. लहानांशी खेळायचं नाही आणि कॉन्फरन्सचे सगळे सामने खेळायचे, याला आमच्या गावात निराळा शब्द आहे, तो तुम्ही छापणार नाही.

आता लेखाबरोबरच्या छायाचित्राविषयी. ते इंग्लंडमधल्या डरमच्या कॅथेड्रलचं आहे! इंग्लंडातल्या त्या डरमच्या नावाने काउंटी क्रिकेटचा संघ खेळतो, हे तुमच्या क्रीडा विभागाला ठाऊक नसावं याचं आश्चर्य वाटतं. आमचं डरम नॉर्थ कॅरोलायनात आहे आणि आमचं कॅमेरॉन 9,314 खुर्च्यांचं आहे. महामारीमुळे यंदा त्या सगळ्या रिकाम्या असतात, तेव्हा फोटो काढणं अगदीच सोपं. शिवाय प्रशिक्षकांचं आडनाव एकाच लेखात तीन तऱ्हांनी छापलंय आणि तिन्ही चुकीचं. उच्चार ‘शशेफ्स्की’ असा आहे. जमत नसेल तर सगळे म्हणतात तसं ‘कोच के’ म्हणा.

आपला,
एक ड्यूकप्रेमी (अजून तरी),
केरी, नॉर्थ कॅरोलायना
13 डिसेंबर 2020

ता. क. पत्राखाली मूळ गाव घालणार असाल तर विटा, जि. सांगली. मागच्या वेळी तुम्ही सातारा छापलं होतं.