कानबाईची गाणी आणि डी ड्राइव्ह

अमळनेर

प्रिय आबा,

घरी सगळे बरे. आईचे गुडघे तसेच. इतके महिने लिहिलं नाही, पण आता तुझ्याशिवाय सांगू कोणाला? कानबाईच्या सणातल्या बायांच्या गाण्यांची आपली सगळी रेकॉर्डिंगं होती तो डी ड्राइव्ह उडाला.

विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि जुन्या लॅपटॉपवर ११ चढेना. दुकानातला पोरगा म्हणाला, विंडोजऐवजी उबंटू ही फुकटची सिस्टीम टाकू. डीला हात लावू नकोस, असं मी बजावलं होतं रे! पण तिथं सी, डी दिसतच नाही. एसडीए१, एसडीए२ असं येतं. त्यानं नेमकी डीवरच फॉरमॅटची खूण केली आणि वर म्हणे, "काका, बॅकअप असेल ना?" तुझी पुण्याची डिस्क तर आधीच बंद पडलेली. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

फॉरमॅट केलं तरी आतलं लगेच पुसलं जात नाही, त्यावर नवं लिहिलं गेलं की जातं. म्हणून मशीन तिथंच बंद केलं, डिस्क काढून दुसरीकडे लावली आणि गेलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. ही जुन्या पद्धतीची डिस्क म्हणून बरं; नव्या पद्धतीची एसएसडी असती तर एवढंही हाती लागलं नसतं. जिथं उबंटू बसलं तिथलं मात्र कायमचं गेलं. बाकीच्या फाइली निघाल्या, पण नावं गेली. नुसता एफ आणि पुढे लांबलचक आकडा. काही गाणी मध्येच तुटतात.

जिजीचा आवाज सापडला, आबा! बांगड्या वाजतात, प्रसादाच्या रोटांचं गाणं ऐन रंगात, आणि मध्येच तुझा खोकला. बिडी सोड म्हणून तेव्हाही सांगत होतो.

बाकीच्या बाया मला ओळखू येत नाहीत. गाण्याआधी नाव-गाव बोलून घेऊ म्हणून मी भांडायचो; तू म्हणायचास, बाया बुजतात. पारोळ्याच्या स्टँडवर तर रुसून एकटाच एसटीत बसलास. आता चोपड्याची कुठली, शिंदखेड्याची कुठली, हे तुझ्याच कानाला कळेल.

घराचं काम कुठवर आलं? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

रेकॉर्डरचं जुनं कार्ड शोध. सापडलं तर त्यात काही भरू नकोस, मोबाइलमध्येही घालू नकोस, तसंच घेऊन ये. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, त्याच्या चार दिवस आधी ये. हेडफोन दोन आणून ठेवतो.

तुझा,
भाऊ