विकतच्या पाण्याची सवय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका बसस्थानकावर पिण्याचे पाणी कुठे आहे असे विचारले, तेव्हा खिडकीतल्या तरुणाने समोरच्या स्टॉलकडे बोट दाखवले. मी नळाबद्दल विचारतो आहे हे त्याला कळायला दोनदा सांगावे लागले. नळ होता, कूलरही होता; त्यावर कोणाच्या तरी मातोश्रींच्या स्मरणार्थ बसवलेली संगमरवरी पाटी होती आणि तोटीच्या जागी लाकडाची खुंटी ठोकलेली होती. मी मुकाट्याने २० रुपयांची बाटली घेतली. खटकले ते हे की, पैसे देताना मला काहीच खटकले नव्हते.

चैत्र लागला की भर बाजारपेठेत पाणपोई सुरू होताना पाहिलेली आमची पिढी आहे. वाळूत रोवलेले रांजण, त्यांना गुंडाळलेली ओली फडकी, आणि कोणाची जातपात वा गाव न विचारता ओगराळ्याने ओंजळीत पाणी ओतणारी एखादी म्हातारी. (ओंजळीऐवजी पेला कोणाला मिळे आणि कोणाला नाही, हा तेव्हाचा भेद मात्र मी विसरलेलो नाही, तेव्हाचे सारेच गोड होते असे मला म्हणायचे नाही.) १९६५ च्या सुमारास मुंबईत काचेच्या बाटलीतून 'बिसलेरी' आली, तेव्हा पाण्याला पैसे मोजणे ही बड्या हॉटेलांतल्या लोकांची चैन वाटे. आज कोणत्याही कंपनीची बाटली मागताना आपण 'एक बिसलेरी द्या' म्हणतो. रेल्वेने २००३ पासून स्वतःचे 'रेल नीर' विकायला घेतले. लग्नाच्या मांडवात आता २० लिटरचे जार रांगेने उभे असतात आणि गावोगावच्या यंत्रांत नाणे टाकले की हंडा भरतो.

यातल्या यंत्रांना मी नावे ठेवणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडयुक्त पाण्याने ज्यांचे दात आणि हाडे खराब झाली, त्यांना शुद्ध पाण्याचे मोल शहरातल्या माणसाने सांगण्याची गरज नाही. जारचे मात्र तसे नाही. सीलबंद बाटलीवर निदान भरल्याची तारीख आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. लग्नकार्यात येणाऱ्या सुट्या थंड जारवर बहुधा काहीच नसते, आणि 'फिल्टरचे आहे' एवढ्या दोन शब्दांवर शेकडो माणसे ते पितात. या जारांची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करते, हे स्थानिक प्रशासनाने जाहीर करावे. बसस्थानकांवरील पाण्याच्या व्यवस्थेची पाहणीही उन्हाळा लागण्यापूर्वी व्हावी.

जाता जाता, घरी परतताना मी हार्डवेअरच्या दुकानात पितळी तोटीचा भाव विचारला. २५० रुपये, म्हणजे साडेबारा बाटल्यांचे पैसे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर