बाळ्या, ती भजी नव्हती

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने फोन नाही, तुझ्या वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकलं तेवढंच, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. तब्येत तशी बरी. मुतखडा झालाय. हो, मला. हस आता.

दीड महिन्यापूर्वी दांडेकर पुलाजवळ गाडीवरच कळ आली. पाठीतून सुरू होऊन पुढे जांघेपर्यंत. गाडी तशीच टाकून फूटपाथवर बसलो, मग आडवा झालो, ओकलो, रसवंतीवाल्याने तोंडावर पाणी मारलं. आणि तशा अवस्थेत काय आठवावं? तू. १९९८, सिंहगड, पुणे दरवाजा. तू घामाने ओला, आणि मी सगळ्यांसमोर म्हणतोय की भजी पचली नाहीत, नाटकं करू नकोस, बस चुकेल. आणि खरंच पुढे निघून गेलो. त्यावरून तू किती वर्षं ऐकवलंस, आणि मी दर वेळी भांडलो. (बस चुकलीच असती पण.)

असो. ११ एमएमचा, उजव्या किडनीत. शॉक वेव्हने फोडला. मी आपला करंट देतात समजून रात्रभर जागा, पण विजेच्या झटक्याशी संबंध नाही, आवाजाच्या जातीच्या लाटा असतात. कंबरेला जेल फासून पाण्याची उशी टेकवतात, एक्स-रेवर बघून नेम धरतात आणि टक, टक, टक. मिनिटाला नव्वद, एकूण तीन हजार. मी मोजत होतो, चारशेच्या आसपास गुंगीने झोप लागली. एकेक टक म्हणजे मागच्या बाकावरून पाठीत रबरबँड, कोण मारायचं ते तुला माहितीये. डॉक्टर गप्पिष्ट. म्हणे हे मशीन जर्मनीतल्या डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीने काढलं, १९८० मध्ये म्युनिकला पहिला पेशंट, तेव्हा माणसाला पाण्याच्या टबात बसवायचे.

नंतर दोन दिवस लघवी लाल, आणि गाळून बघायची, तुकडा लॅबला द्यायचा म्हणून. घरात गाळणी एकच. पुढचं सांगत नाही, मंजूने नवीन आणली आणि जुनीवर मार्करने माझं नाव लिहिलं. कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. पालक बंद. आत्याने कुळथाचं पीठ पाठवलंय दोन किलो. बिअर पी म्हणणारे ऑफिसात सहा जण निघाले, पाजणारा एकही नाही.

लोच्या पुढेच आहे. काल परत एक्स-रे काढला, एक तुकडा राहिलाय, ५ एमएम, अगदी खालच्या कप्प्यात. तिथून वर चढून मग नळीत उतरायचं म्हणून वेळ लागतो. डॉक्टर म्हणाला पडेल आपोआप, पाणी प्या, नाही पडला तर आणखी एक सिटिंग. आणि उतरताना अडकला तर? तर कळ. कधी? सांगता येत नाही. म्हणजे मी सध्या पिन काढलेला बॉम्ब घेऊन हिंडतोय, मीटिंगमध्ये, सिग्नलला, न्हाव्याच्या खुर्चीत. मंजू म्हणते एवढं काय. तिला नाही कळणार रे, त्यातून गेलेला आपल्यात तूच एक.

काकूंचा गुडघा कसा आहे? नाशिकची बदली झाली की टळली? भेटल्यावर सांग सगळं.

२७ ला पिंकीचं लग्न, मामा म्हणून तिच्या मागे मला उभं राहायचंय, आणि तो भटजी आठही मंगलाष्टकं तालासुरात म्हणणारा आहे. मध्येच खाली बसलो तर बायका म्हणतील मामाला गहिवरून आलं. तू ये. माझ्या शेजारी उभा राहा आणि मी वाकलो की भजीचा विषय न काढता सरळ रिक्षा बघ. आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतला तुझा खडा अजून असेल तर आण, मंजूला वाटतं मी मापं फुगवून सांगतो.

तुझा,
पक्या