वाचन स्पर्धा, पालकांची सही आणि दप्तराच्या तळाशी लपवलेलं पुस्तक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या धाकटीचं दप्तर आवरत होते तर अगदी तळाशी, जुन्या वर्कशीट्सच्या खाली, शाळेच्या लायब्ररीचं एक पुस्तक सापडलं. मधलं एक पान फाटलेलं आणि त्याला चिकटपट्टी लावलेली, वाकडीतिकडी, बरोबर हत्तीच्या सोंडेवरून. चिकटपट्टी तिनेच लावली होती हे उघडच होतं. ती तिसरीत आहे. विचारलं तर आधी नुसती बघत बसली, मग एकदम रडायलाच लागली, म्हणाली पुस्तक फाटलं की आईबाबांना शाळेत बोलावतात. म्हणजे तीन आठवडे ही पोरगी ते पुस्तक दप्तरात घेऊन शाळेत जात होती आणि तसंच परत आणत होती, आणि लायब्ररीच्या तासाला विचारलं की "घरी राहिलं" म्हणून सांगत होती. त्या तीन आठवड्यात तिला दुसरं पुस्तक मिळालं नाही, कारण नियमच तसा आहे, पहिलं जमा केल्याशिवाय दुसरं नाही.

मग मी वर्षाच्या सुरुवातीला शाळेने दिलेला फॉर्म शोधून काढला. त्यावर माझीच सही आहे, न वाचता केलेली, कबूल आहे. पुस्तक हरवल्यास वा खराब झाल्यास पालक जबाबदार, त्याच पुस्तकाची नवी प्रत आणून द्यावी, उशीर झाल्यास दंड, दंड भरेपर्यंत पुस्तक मिळणार नाही. अख्ख्या पानभर मूल काय वाचेल, कसं निवडेल, घरी कोणी काय मदत करायची याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे फॉर्म लायब्ररीचा पण वाचताना वाटतं आपण घर भाड्याने घेतोय. बरं, तीच प्रत आणायची म्हटलं तर लहान मुलांची कितीतरी पुस्तकं पुन्हा छापलीच जात नाहीत, मग आणायची कुठून?

मी शाळेला नावं ठेवायला पत्र लिहीत नाहीये. लायब्ररीच्या बाई चांगल्या आहेत, सगळ्या वर्गांना मिळून त्या एकट्याच, आणि पुस्तकं हरवली की वरून त्यांनाच विचारतात हेही मला माहितीये. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळे मिळून (शाळा आणि आम्ही पालकसुद्धा) मुलांना वाचायला लावायच्या नादात पुस्तकाची भीती घालतोय, आणि वरून स्पर्धा लावून वाचनाचा हिशोब करून टाकतोय.

स्पर्धेचं सांगते. सत्राच्या शेवटी जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस. त्यासाठी एक वाचन नोंदवही, त्यात रकाने, पुस्तकाचं नाव, पानं किती, आवडलं का, आणि शेवटी पालकांची सही. पहिले आठ दिवस मी रोज शेजारी बसून ऐकलं, मग रोज जमेना, मग एका रविवारी रात्री अठरा सह्या एका दमात केल्या, आणि मला खात्री आहे असं करणारी मी एकटी नाहीये. एकदा मी लायब्ररीच्या तासाला मदतीला गेले होते, पुस्तकं नीट लावायला, तेव्हा बघितलं की पोरं पुस्तक उघडतच नाहीत. कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तकांच्या कण्यांवरून बोट फिरवायचं आणि सगळ्यात बारीक असेल ते ओढायचं. एक मुलगा तर शेवटचं पान उघडून फक्त पानाचा नंबर बघत होता. सोळा असेल तर ठेवायचा, चाळीस असेल तर परत. जाडी गोष्ट घेणारी एकच मुलगी होती, तिला बाजूची म्हणाली, "अगं वेडी, याचंपण एकच धरतात."

यात मुलांचं काय चुकलं? जे मोजाल तेच मिळणार ना. पुस्तकं मोजली की बारीक पुस्तकं येतात, पानं मोजली की पानं उलटायचा आवाज येतो, सह्या मोजल्या की आमच्यासारख्या आया अठरा सह्या करतात.

1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. त्यांनी मुद्दाम अशी मुलं घेतली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासूनच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढ, तुला सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काही न सांगता नंतर तेच सर्टिफिकेट दिलं, आणि काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी तेच स्केचपेन परत वर्गात ठेवले, यावेळी बक्षीस वगैरे नाही, तर ज्यांना आधी सांगून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांपेक्षा साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. गंमत यातच आहे, बक्षिसाने नाही बिघडत, बक्षिसाचं आमिष दाखवलं की बिघडतं. आता कोणी म्हणेल की ज्याला वाचायचा कंटाळाच आहे त्याला सुरुवातीला आमिष लागतं, असेलही, पण ज्या पोराला आधीच आवडतंय त्याला कशाला त्या रांगेत उभं करायचं?

स्पर्धा नकोतच असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये 1999 पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत सार्वजनिक लायब्रऱ्या मुलांसाठी एक उपक्रम घेतात, ठरलेला आकडा सहा पुस्तकांचा, आणि ती पुस्तकं कुठलीही चालतात, चित्रकथा, विनोदाचं, माहितीचं, ऐकायचं पुस्तकसुद्धा. पहिला दुसरा तिसरा कोणी नाही, जो पूर्ण करेल त्याला सर्टिफिकेट. बक्षीस तिथेही आहेच, पण कोणाला हरवून मिळत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत चार-पाच मुलांची टीम करतात, पुस्तकांची एक यादी आधीच देतात, ती आपापसांत वाटून वाचायची आणि मग दुसऱ्या टीमसमोर प्रश्नोत्तरं. मला हेही पूर्ण पटत नाही, प्रश्न आले की पाठांतर आलंच, पण एक चांगलं होतं, पोरं एकमेकांना गोष्ट सांगतात, तू हे वाच मी ते वाचते असं ठरवतात. आमच्याकडच्या नोंदवहीत मुलगी कोणाशी काही बोलतच नाही, फक्त माझ्याकडे पेन घेऊन येते.

आणि सही पालकांचीच का? आमच्या घरी धाकटीचं खरं ऐकतात तिच्या आजी. बारीक अक्षर आता त्यांना दिसत नाही, म्हणून ही मोठ्याने वाचते आणि त्या मध्ये मध्ये टोकतात, "अगं पण तो राक्षस झोपला कधी, आत्ता तर जागा होता", मग ही मागची दोन पानं परत वाचते. माझ्या मते खरं वाचन ते. पण नोंदवहीत एक पुस्तक एकदाच धरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा वाचलेलं जमेला नाही, आणि आजींची सहीपण चालत नाही म्हणे. ज्यांच्या घरी आईवडील दोघंही उशिरा येतात किंवा ज्यांना स्वतःलाच वाचता येत नाही त्यांच्या मुलांनी काय करायचं? ती पोरं पहिल्या आठवड्यातच बाद.

अजून एक आहे, ते मला जरा जास्तच लागलं. पुस्तकांना लेव्हलप्रमाणे रंगीत स्टिकर लावलेत. माझ्या मुलीच्या वर्गातला एक मुलगा अजून हिरव्यात आहे, बाकीचे पिवळ्यात गेले. त्याला डायनासोरचं एक मोठं पुस्तक हवं होतं, निळं स्टिकरवालं, तर वर्गातल्या पोरांनीच ओरडून सांगितलं, तुझं हिरवं ना रे. त्याने गुपचूप ठेवून दिलं. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेनेच यावर आपली भूमिका मांडलेली आहे की मुलांच्या वाचनाची पातळी पुस्तकावर सगळ्यांना दिसेल अशी चिकटवू नये, तो त्या मुलाचा खाजगी मामला आहे. त्यापेक्षा पाच बोटांची साधी युक्ती शिकवा ना, मधलं एखादं पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं, पाचही मोडली तर पुस्तक सध्या जड आहे, कोणाबरोबर तरी वाचावं. मुलगा स्वतःच ठरवतो आणि कोणाला कळतही नाही. आणि डायनासोरसाठी पोरगं सहावं बोटपण मोडेल, मोडू दे.

दंडाचं म्हणाल तर मोठमोठ्या शहरांनी तो बंद करून पाहिलंय. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने 2019 मध्ये उशिराचा दंड बंद केला, आधीचा थकलेला पण माफ केला, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यातच परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या दुपटीच्याही वर गेली. कारण लोक चोर नव्हते, घाबरलेले होते, नाहीतर लाजलेले. त्याच वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ठरावही केला की असा दंड गरीब घरांना लायब्ररीपासून तोडतो. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मागू नका असं कोणी म्हणत नाही, पण ती घराच्या ऐपतीप्रमाणे असावी, किंवा त्या मुलाने एक तास बसून फाटकी पुस्तकं चिकटवायला मदत करावी, आणि तोपर्यंत पुढचं पुस्तक अडवू नये. पुस्तक अडवणं ही कसली शिक्षा, न वाचणाऱ्याला ती बक्षीस आणि वाचणाऱ्याला उपास.

आता थोडं आम्हा पालकांबद्दल, कारण सगळं खापर शाळेवर फोडून कसं चालेल. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एका पुस्तकावरून दोन दिवस वाद चालला, एका गोष्टीत एक मूल मोठ्यांना उलट बोलतं म्हणून. पुस्तक पूर्ण किती जणांनी वाचलं होतं? दोघांनी. तिसऱ्या दिवशी ते कपाटातून गायब. माझ्या मुलाला हे नको असं म्हणायचा हक्क प्रत्येक पालकाला आहेच, पण दुसऱ्याच्या मुलालाही नको हे ठरवायचा नाही. यासाठी शाळेकडे साधा लेखी नियम हवा की तक्रार लेखी द्या, तक्रार करणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, दोनतीन शिक्षक आणि एखाददोन पालकांनी ते वाचून ठरवावं, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहील. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची लायब्ररी.

आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. वापरलं की ते मळणार, कोपरे दुमडणार, फाटणारही. त्या दिवशी लायब्ररीत मी काही पुस्तकं उघडून बघितली, शेवटच्या पानावर तारखा मारायची चिठ्ठी असते ना ती, कितीतरी पुस्तकांवर एकही शिक्का नाही. एकदम कोरी करकरीत. त्या पुस्तकांबद्दल कोणी कोणाच्या पालकांना शाळेत बोलावत नाही.

आपल्या पेपरमध्ये शाळांच्या निकालांच्या बातम्या येतात, त्याबरोबर कधीतरी शाळेची लायब्ररी आठवड्यात किती तास उघडी असते, मुलांना पुस्तक घरी नेता येतं का, पुस्तक हरवलं तर काय करतात, हेही छापा. इतर शाळांतल्या पालकांनी आणि ग्रंथपालांनी पण आपापले नियम लिहून कळवावेत, मला खरंच वाचायचेत.

ते हत्तीचं पुस्तक घेऊन आम्ही दोघी सोमवारी शाळेत जाणार आहोत. मी म्हटलं चिकटपट्टी काढून नीट सरळ लावू या का, तर म्हणाली नको, काढली तर सोंडच निघून येईल.

आपली,
तिसरीतल्या मुलीची आई