ट्रायल मोटारसायकलच्या 'एमओटी तयारी'बद्दल तक्रार

प्रति,
संचालक,
मोटारसायकल विक्री व दुरुस्ती,
यॉर्कशर

विषय : एमओटी, म्हणजे ब्रिटनमधल्या वाहनांच्या सक्तीच्या तपासणीसाठी केलेले चुकीचे काम आणि बिलाचे पैसे परत मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

याआधी तुमच्या कार्यालयाला मी इंग्रजीत दोन ईमेल पाठवल्या. दोन्हींना एकच उत्तर आले, की तक्रार संबंधित विभागाकडे दिली आहे. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला, आणि मराठीत. ऑगस्टमध्ये मी गाडी बघायला आलो तेव्हा आडनाव ऐकून तुम्ही काउंटरमागून बाहेर आलात, 'कुठले तुम्ही?' म्हणून विचारलेत आणि कराड म्हटल्यावर चहा मागवलात. त्या अर्ध्या तासाच्या भरवशावर मी दुसरीकडे चौकशीही केली नाही.

मी तुमच्याकडून सेकंडहँड, इटालियन बनावटीची 250 सीसी टू-स्ट्रोक ट्रायल, म्हणजे अवघड वाटेवर तोल सांभाळत चालवायच्या स्पर्धेची गाडी, घेतली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन, क्लच, फोर्क सगळे तुम्ही सांगितले होते तसेच निघाले. तक्रार आहे ती बिलातल्या खालच्या तीन नोंदींबद्दल : दिव्यांच्या किटसह एमओटी तयारी 165 पौंड, 'रोड-लीगल' मागचा टायर 98 पौंड आणि नंबरप्लेट 18 पौंड. एकूण 281 पौंड.

गाडी कशासाठी हवी, हे मी तुम्हाला चहा पिता पिता सांगितले होते. गेली तीन वर्षे मी आमच्या भागातल्या क्लबच्या ट्रायलमध्ये ऑब्झर्व्हर, म्हणजे गुण नोंदवणारा, म्हणून उभा राहतो. ओढ्याकाठी, पावसात, दुसऱ्यांचे पाय मोजायचे : पाय जमिनीला एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा तर तीन, आणि सेक्शन, म्हणजे आखून दिलेला अवघड टप्पा, पुरा झालाच नाही तर पाच. जितके गुण कमी तितका चालवणारा चांगला. वेगाला तिथे काही किंमत नाही, सगळा खेळ तोलाचा. या ऑक्टोबरात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मला पहिल्यांदाच स्वतः उतरायचे होते. एका सेक्शनहून दुसऱ्याकडे जाताना सार्वजनिक रस्ते लागतात, म्हणून गाडी नोंदणीची, विम्याची आणि एमओटी झालेली असावी लागते.

मी तेव्हा तुमच्या वर्कशॉपच्या प्रमुखांना स्पष्ट विचारले होते : मला गाडी अंधारात चालवायचीच नाही, मग दिवे नसले तर चालतील का? ते म्हणाले, 'दिवे लावल्याशिवाय कुठलीच गाडी पास होत नाही.'

हे खरे नाही. एमओटीच्या नियमावलीत अशा गाड्यांची सोय पूर्वीपासून आहे. ज्या मोटारसायकलला पुढचे-मागचे दिवे मुळात नाहीत, किंवा असून ते कायमचे तोडलेले, रंगवलेले अथवा झाकलेले आहेत, आणि जी फक्त उजेडातच वापरली जाते, तिची दिव्यांची तपासणी होत नाही. गाडी पास होते आणि रात्री किंवा धुक्यात वापरू नये अशी सूचना नोंदवली जाते. ट्रायलवाले याला 'डेलाइट एमओटी' म्हणतात. ट्रायलच्या गाड्या विकणाऱ्या दुकानाला हे ठाऊक नसावे, याचे मला अजून वाईट वाटते.

उलट, दिवे एकदा बसवले की ते तपासले जाणारच, आणि ते नीट चाललेच पाहिजेत. तुमच्या लोकांनी नेमके इथे नुकसान केले. या गाडीला बॅटरी नाही. वीज येते ती फ्लायव्हीलवरच्या जनरेटरमधून, तीही इंजिन फिरेल तेवढीच. त्याच तारेवर हेडलाइट, टेललाइट आणि हॉर्न असे तिन्ही जोडले. गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी इंजिन मंद चालू असताना हॉर्नमधून नुसती घरघर येत होती. ब्रेकलाइटचा स्विच फक्त पुढच्या ब्रेकला लावला होता, पायाचा ब्रेक दाबला तर मागे अंधार. या वयाच्या गाडीला दोन्ही ब्रेकवर दिवा लागावाच लागतो. हेडलाइटचा झोत तर समोरच्या भिंतीवर छताजवळ पडत होता. टेस्टरने हे सगळे मला शेजारी उभे करून दाखवले आणि म्हणाला, 'हे किट नसते तर यातले हॉर्न सोडून काहीच मी तपासले नसते.' ते ऐकून मला काय वाटले असेल, याचा विचार करा. 165 पौंड देऊन मी गाडी नापास करून घेतली होती.

टायरची गोष्ट मला याहून गंभीर वाटते. बिलावर 'रोड-लीगल' लिहिलेल्या नव्याकोऱ्या टायरच्या बाजूवर 'एन.एच.एस.' अशी अक्षरे आहेत, म्हणजे 'नॉट फॉर हायवे सर्व्हिस'. अशी खूण असलेला टायर एमओटीत नापासच होतो. आधी वेळ ठरवलेली असेल तर एमओटी नसलेली गाडी तपासणीला चालवत नेता येते, पण ती रस्त्यावर चालवण्यालायक असावी लागते. तुमच्या शब्दावर विसंबून मी त्या टायरवर नऊ मैल डांबरावरून गेलो, बाजूने लॉऱ्या जात असताना. मीही तो वाकून वाचायला हवा होता, हे मान्य आहे. पण तुमच्या माणसाने तो हातात धरून रिमवर चढवला होता.

नंबरप्लेटवरची अक्षरे मोटारसायकलसाठी 64 मिलिमीटर उंच लागतात. तुमची 50 भरली.

तुमच्या दुकानात फोन केला तर सांगण्यात आले, की टेस्टर कडक दिसतो, अपील करा नाहीतर दुसरीकडे न्या. अपिलाला 14 कामाचे दिवस मिळतात, हे मला माहीत आहे. मी केले नाही, कारण टेस्टरचे काही चुकले नव्हते. त्याने त्याचे काम केले.

तपासणी गुरुवारी होती, ट्रायल रविवारी. मी रविवारी पुन्हा त्याच ओढ्याकाठी उभा राहिलो आणि दुसऱ्यांचे पाय मोजले.

नंतर दिव्यांचे किट मी स्वतः तारांसकट काढले, हॉर्नला स्वतंत्र छोटी बॅटरी दिली, दुसऱ्या दुकानातून योग्य टायर घेतला आणि कागदपत्रे दाखवून मापाची प्लेट करून घेतली. तीन आठवड्यांनी, पुन्हा पूर्ण शुल्क भरून, तीच गाडी त्याच केंद्रात पास झाली. एकही दिवा नसताना. दोन्ही निकाल, म्हणजे आधीचे नापासही, गाडीच्या ऑनलाइन नोंदीत राहणार आहेत, आणि उद्या मी ती विकायला काढली तर घेणारा ते पाहणारच.

माझी मागणी अशी आहे. वरचे 281 पौंड आणि वाया गेलेल्या पहिल्या तपासणीचे 29.65 पौंड, मिळून 310.65 पौंड मला परत मिळावेत. दुसऱ्या टायरचे पैसे मी मागत नाही, तो मला एरवीही घ्यावाच लागला असता. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवे, आणि सांगितलेल्या उपयोगासाठी दिलेली वस्तू त्या उपयोगाला लायक असायला हवी. इथे दोन्ही झालेले नाही. पत्र मिळाल्यापासून 14 दिवसांत उत्तर आले नाही, तर मला स्मॉल क्लेम्सकडे, म्हणजे छोट्या रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, जावे लागेल. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

दुसरी मागणी पैशांची नाही. दिव्यांशिवाय एमओटी होत नाही, असे तुमच्या दुकानात यापुढे कोणालाही सांगू नये. आपल्याकडे खाजगी दुचाकी पंधरा वर्षांनी आरटीओपुढे उभी राहते. इथे तीन वर्षे झाली की दरवर्षी तपासणी. भारतातून नुकता आलेला माणूस हे नियम तुमच्यासारख्यांच्या तोंडूनच शिकतो, आणि मराठीत सांगितलेले तर तो पडताळूनही बघत नाही. मी बघितले नाही.

दोन्ही तपासण्यांची पत्रके, तुमचे बिल, टायरवरच्या अक्षरांचा आणि प्लेटला पट्टी लावून काढलेला फोटो सोबत जोडले आहेत. तुमचे किट आणि टायर माझ्या गॅरेजमध्ये खोक्यात बांधून ठेवले आहेत. आधी फोन करून कोणालाही पाठवा, मी घरी असेन.

आपला ग्राहक