आई-बाबांना पत्र: रोमचं नागरिकत्व आणि आपलं शेत

लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबा जे बोलले त्याचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करते आहे म्हटल्यावर बाबा म्हणाले, "मग शेत दादाच्या एकट्याच्या नावावर करतो. तू आता तिकडची होणार, पुढे कायद्याची भानगड नको." त्यात राग नव्हता, काळजी होती, हे मला कळलं. पण नागरिकत्व बदललं की पोटची पोर कायद्याच्या लेखी लांबची होते, ही समजूत मला मान्य नाही. ती आजची नाही. रोमन लोकांनी अगदी हाच नियम करून ठेवला होता, त्यापायी माणसं पोळली आणि शेवटी त्यांनाच तो निस्तरावा लागला. पुण्याला लॉ करताना रोमन कायदा परीक्षेपुरता वाचला होता. गेल्या वर्षभरात तो पुन्हा काढून वाचते आहे, कारण आता तो माझ्याच घरचा प्रश्न झाला आहे.

बाबा, तुमचा जन्म कोर्टात गेला, तेव्हा तुम्हाला कागदपत्रांपासूनच सांगते. इथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये काशाचा एक पत्रा आहे. इ. स. १०३ मधला, चेशर परगण्यातल्या माल्पस गावी सापडलेला. रेबुरस नावाचा एक स्पेनचा माणूस रोमच्या घोडदळात होता. ज्यांना नागरिकत्व नाही अशा परक्या मुलखातल्या लोकांच्या पलटणी वेगळ्या असत. त्यांत २५ वर्षं चाकरी केली की नागरिकत्व मिळे. मूळ हुकूम रोममध्ये देवळामागच्या भिंतीवर लावलेला असे आणि शिपायाला मिळे ती त्याची सही-शिक्क्याची नक्कल. दोन पत्रे तारेने एकत्र बांधलेले, मजकूर आत एकदा आणि बाहेर एकदा, वर सात साक्षीदारांची मोहोर. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली, तर मोहोर फोडून आतला वाचायचा. तुमच्या नक्कल विभागाला याहून चोख व्यवस्था सुचली नसती.

हे नागरिकत्व म्हणजे नुसता मान नव्हता. नागरिकाला फटके मारायचे नाहीत, दाद मागू दिल्याशिवाय देहदंड द्यायचा नाही, असा कायदा होता. इ. स. पू. ७० मध्ये सिसेरो या रोमन वकिलाने सिसिलीचा माजी सुभेदार वेरेस याच्यावर खटला भरला, त्यात गॅवियस नावाच्या माणसाची हकीकत आहे. मेसिनाच्या भर चौकात त्याला फटके मारले जात होते आणि तो एकच वाक्य बोलत होता: मी रोमन नागरिक आहे. वेरेसने त्याला क्रूसावर चढवलं आणि क्रूस मुद्दाम अशा जागी रोवला की खाडीपलीकडे इटलीचा किनारा दिसावा. ती हकीकत वाचवत नाही. पण अशी दाद मागण्याचा हक्क कागदावर तरी होता, म्हणूनच सिसेरोला सुभेदाराला जाब विचारता आला.

आता घरातल्या माणसांचं. रेबुरसच्या कागदात मुलांनाही नागरिकत्व आहे आणि बायकोशी झालेलं लग्न कायदेशीर धरलं आहे. इ. स. १४० च्या सुमारास मात्र ते बदललं. चाकरीत असताना झालेल्या मुलांना नागरिकत्व देणं बंद झालं. म्हणजे बाप रोमन आणि त्याच्याच घरात वाढलेला मुलगा परका.

याहून मोठं दुखणं वारशाचं होतं. ऑगस्टस या पहिल्या रोमन बादशहाने इ. स. ६ मध्ये वारशावर ५ टक्के कर बसवला. जवळच्या नातेवाइकांना तो माफ होता. पण ज्याला नव्याने नागरिकत्व मिळालं, त्याचे आई-बाप आणि मुलं कायद्याने त्याचे नातेवाईकच राहत नसत! नात्याचे हक्क वेगळे मागून मिळाले तर ठीक, नाहीतर सख्ख्या बापाची जमीन मुलाकडे आली तरी तो उपऱ्यासारखा कर भरणार. मुलांवरचा बापाचा अधिकारही असाच वेगळा मागावा लागे. प्लिनी हा रोमन सिनेटर आजारातून उठला तेव्हा त्याने ज्या वैद्याने त्याला बरं केलं, त्याच्या नातेवाइकांसाठी ट्राजान बादशहाकडे नागरिकत्व मागितलं. त्या पत्रात त्याने आवर्जून लिहिलं आहे की त्यांची मुलं बापाच्या अधिकारात राहतील असं करावं. मुलगा बापाचाच राहावा म्हणून बादशहाकडे अर्ज!

याच प्लिनीने इ. स. १०० मध्ये सिनेटपुढे ट्राजानच्या स्तुतीचं भाषण केलं. स्तुती पुष्कळ आहे, ती मी भराभर वाचून टाकली. वारसाकरापाशी आल्यावर मात्र तो मनापासून बोलतो. म्हणतो, त्या नियमामुळे सगळ्यांत मोठा उपकार हाच सगळ्यांत मोठा अन्याय होऊन बसला होता. रोमन नागरिकत्व म्हणजे जणू वैर, भांडण आणि निपुत्रिकपण झालं होतं. बाबा, "तू आता तिकडची" हे तुमचे शब्द ऐकल्यावर मला हीच ओळ आठवली.

तो नियम आधी सैल केला ट्राजानच्या आधीच्या नर्वा बादशहाने, आणि आई, त्याने पहिल्याने आईकडे पाहिलं. आईचं मुलाकडे जावो की मुलाचं आईकडे, कर नाही, मग नात्याचे हक्क मागितलेले असोत वा नसोत. बापाच्या मालमत्तेला त्याने अट ठेवली होती की मुलगा पुन्हा बापाच्या अधिकारात आलेला हवा. ट्राजानने ती अटही काढली. मला यात नर्वाचं फार कौतुक वाटतं, कारण रोमन कायद्यात आई एरवी मुलाच्या कुळातलीच धरत नसत. आईचा वारसा मुलांना आधी मिळावा हा ठराव सिनेटने केला तो थेट इ. स. १७८ मध्ये.

आणि मग मोरोक्कोतल्या बनासा गावचा काशाचा पत्रा. तो १९५७ मध्ये सापडला. झेग्रेन्सिस नावाच्या डोंगरी जमातीतल्या युलियानस नावाच्या माणसाला मार्कस ऑरेलियस आणि त्याच्या सहबादशहाने नागरिकत्व दिलं, त्याचा हा कागद. पुढे त्याच जमातीच्या युलियानस नावाच्याच मुखियाच्या बायकोमुलांना ते इ. स. १७७ मध्ये मिळालं. त्यांची नावं वयांसकट आहेत: बायको फागुरा २२ वर्षांची, युलियाना ८, मॅक्सिमा ४, युलियानस ३ आणि शेंडेफळ डायोजेनियानस २ वर्षांचा. ऑगस्टसच्या काळापासून चालू असलेल्या नोंदवहीतून उतरवून घेतलेली नक्कल, खाली बारा जणांची साक्ष. त्यात साफ लिहिलं आहे की हे नागरिकत्व देताना जमातीचा कायदा जसाच्या तसा राहील. कर बुडणार नाही हेही लगेच लिहिलं आहे, सरकार ते सरकारच. पण त्या डोंगरातल्या दोन वर्षांच्या पोराला रोमन होण्यासाठी आपल्या लोकांमधून नाव कमी करावं लागलं नाही. मला रोमकडून काही एक घ्यायचं असेल तर ते हे.

पुढे इ. स. २१२ मध्ये काराकाला बादशहाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना एका हुकुमाने नागरिक केलं. कॅसियस डिओ हा त्याच काळातला सिनेटर लिहितो की हे मान म्हणून दाखवलं, खरा डोळा महसुलावर होता. त्याच काराकालाने वारसाकर १० टक्के केला आणि जवळच्या नातेवाइकांची माफीही काढून घेतली. तोवर प्रतिष्ठितांना एक शिक्षा आणि हलक्या मानलेल्यांना दुसरी, असा भेद कायद्यात रुजलाही होता. सगळे नागरिक झाले तेव्हा गरिबाच्या पाठीवरचा फटका चुकला नाही.

आपल्याकडे रोमसारखी दुहेरी सोय नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. मला पासपोर्ट परत करावा लागेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घ्यावं लागेल, मतदान करता येणार नाही, नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही. मतदानाचं मला खरंच वाईट वाटतं आहे. तरीही मी अर्ज करते आहे, कारण माझं काम इथे आहे, मुलं इथे वाढताहेत, आणि ज्या देशात राहायचं तिथल्या कायद्यात आपलं मत असावं असं मला वाटतं.

पण वारसा जात नाही, बाबा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि परदेशी नागरिक झाले म्हणून तो बुडत नाही. वारशाने आलेली शेतजमीन ओसीआय असूनही ठेवता येते. तुम्ही ज्याला भानगड म्हणता ती या कायद्यात नाही.

मला उत्पन्नातलं काही नको. दादा राबतो, पीक त्याचंच. त्याला एकट्यालाच द्यायचं असं तुम्ही दोघांनी त्याच्या कष्टांकडे पाहून ठरवलंत, तर मी समोर बसून सही करीन आणि मनात काही ठेवणार नाही. पण कारण ते असू द्या. मी तिकडची झाले, हे कारण कोणत्याही कागदावर नको आणि तुमच्या मनातही नको.

मृत्युपत्राचा मसुदा करायच्या आधी बाबांनी वकिलांना दोनच गोष्टी विचाराव्यात: जमिनीतला कोणता भाग वडिलोपार्जित धरला जाईल आणि कोणता बाबांच्या स्वकमाईचा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. आई, तू फोनवर मागून काय म्हणत होतीस ते मला नीट ऐकू आलं नाही. बाबांच्या पत्रात खाली तुझ्या हाताने ते लिही.

तुमची लेक